वहीतल्या फुल्या

प्रिय मित्रा,

मागे फोनवर तू म्हणालास, "दिवसभर खुर्ची सोडत नाही, तरी संध्याकाळी हाती काही लागत नाही." मी नुसतं हं हं केलं. माझंही तेच चाललं होतं, पण कबूल करायची लाज वाटली. मग गुपचूप एक उद्योग केला, त्याची ही हकीकत. लांबणार आहे, वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

दोन आठवडे टेबलावर एक वही उघडी ठेवली. दर अर्ध्या तासाला एक ओळ: करायला काय बसलो होतो आणि केलं काय. काम मध्येच सुटलं की त्याच क्षणी फुली मारायची. दुसऱ्या कुणामुळे सुटलं तर तिच्यापुढे 'बा', मीच सोडलं तर 'मी'. संध्याकाळी आठवून लिहायचं नाही हा नियम कडक पाळला, कारण संध्याकाळची आठवण नेहमी आपल्याच बाजूने साक्ष देते. पहिले दोन दिवस मात्र हिशेबात धरले नाहीत. वही बघते आहे म्हटल्यावर मी शहाण्या मुलासारखा वागत होतो.

खरं सांगू? वही काढली होती ती आरोपपत्र लिहायला. मीटिंगा, ग्रुपवरचे मेसेज, "एक मिनिट आहे का?" म्हणत येणारे सहकारी, सगळ्यांविरुद्ध पुरावा गोळा करायचा होता. आठवड्याअखेरी फुल्या मोजल्या, तर 'मी' हे 'बा'च्या दुपटीहून जास्त!

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे त्या फुल्या कुठे पडल्या. आकडे भरण्यासारख्या रटाळ कामात जवळजवळ नाहीतच. भाषांतर करताना एखादं वाक्य अडलं, दोन शब्दांतला कुठला घ्यावा ते ठरेना, की हात मेलकडे गेलाच. म्हणजे मला कंटाळा येत नव्हता, मी पळ काढत होतो. आणि मेलला उत्तर देणं हेही कामच, त्यामुळे पळाल्यासारखं वाटतही नव्हतं.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो तरी मन काही अंशी पहिल्यातच अडकून राहतं, आणि दुसरं काम त्यामुळे बिघडतं. पुढे तिने एका सहकाऱ्याबरोबर यावर साधा उतारा सुचवला: उठण्यापूर्वी कुठे थांबलो आणि परत आल्यावर आधी काय करायचं, एवढं लिहून ठेवायचं. हे मला फार मानवलं. आता वाक्य अडलं की वहीत 'कशाला अडलं' ते लिहितो. बऱ्याचदा लिहिता लिहिताच सुटतं. नाही सुटलं तर उठतो, पण मग मनात ओझं राहत नाही.

अंदाजांचा रकाना उघडलास तर तुलाही धक्का बसेल. मी 'तासाभराचं' म्हटलेलं काम क्वचितच दीड तासाच्या आत आटोपलं. यात आपण एकटे नाही. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज निघाला ३३.९ दिवस, लागले ५५.५. तेव्हापासून मी स्वतःच्या प्रत्येक अंदाजाची दीडपट करतो. त्यामुळे दिवसाची यादी केविलवाणी दिसते, पण पुरी होते.

पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करायची पद्धतही करून पाहिली. पत्रांना उत्तरं द्यायला छान, भाषांतराला नाही. कुठे सूर लागतोय तोच घंटा वाजते.

मेल आता दिवसातून दोनदाच उघडतो. भीती होती की कुणीतरी रागावेल. कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचं थोडं वाईटच वाटलं. दुपारी तीननंतरची पानं मात्र अजून तशीच आहेत, फुल्याच फुल्या. त्या वेळात आता अवघड काही घेतच नाही.

तूही एक आठवडा करून बघ. पण तुझ्या त्या ॲपवर नको, ते उघडायला फोन हातात घ्यावा लागतो. वही घे, आणि पानांचे फोटो पाठव. माझेही पाठवतो, दुसऱ्या आठवड्यातला बुधवार तेवढा सोडून.

तुझाच,
पळपुटा