सभेआधी वाचनालयाविषयी

तीर्थरूप आई आणि नानांना,
सा. न. वि. वि.

नाना, मृग लागायच्या आत वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा आहे, आणि "पूर आला तर वाचनालयाचं काय काम? कुलूप लावायचं नि घरी जायचं" असं काहींचं मत आहे, हे आईकडून कळलं. सभेत दाखवायला हातात कागद असावा म्हणून सविस्तर लिहिते.

ठरल्या वेळेला दार उघडणं, आल्यागेल्याची नोंद ठेवणं, विचारलेली माहिती शोधून देणं, आणि हे सगळं समोरच्याची जात-पक्ष न बघता करणं, हे वाचनालयाचं रोजचंच काम. संकटात नेमकं हेच कुठे मिळत नाही. 2005 साली अमेरिकेत कतरिना वादळानंतर लोकांनी वाचनालयांत गर्दी केली ती सरकारी मदतीचे अर्ज ऑनलाइन भरायला. चालू संगणक आणि अर्ज भरून देणारं माणूस अनेकांना तिथेच सापडलं. 2014 मध्ये तिथल्याच फर्ग्युसन शहरात पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला, वातावरण पेटलं, शाळा उघडेनात. तिथलं लहानसं नगर वाचनालय उघडं राहिलं आणि शिक्षकांनी मुलांना तिथे शिकवलं. यातलं काहीही आपल्या आवाक्याबाहेरचं नाही.

आपल्याकडे नेमाने येणारी आपत्ती मात्र ऊन. पारा 44-45 वर असतो तेव्हा आपलं वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं, दुपारी बंद. एप्रिल-मे पुरती वेळ बदला आणि दुपारी 12 ते 4 वाचन कक्ष उघडा ठेवा. हमाल, शेतमजूर, बसची वाट बघणाऱ्या बाया, ज्यांच्या डोक्यावर पत्रा आहे ती म्हातारी माणसं, कोणीही येऊन बसावं, सभासद असण्याची अट नको. कूलर लावाल तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीत दमट हवा तिथेच फिरते, गारवाही येत नाही आणि पुस्तकांना ओल लागते. झोत कपाटांवर येऊ देऊ नका. माठाशेजारी ओआरएसच्या पुड्या ठेवा, एक पुडी बरोबर एक लिटर पाण्यात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा आणि मीठ जास्त होऊ द्यायचं नाही. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं की 108 ला फोन, सावलीत आडवं करून अंगावर पाणी आणि वारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आता पूर. 1872 साली गिरणा-पांझरेचा मोठा पूर आला तो सप्टेंबरात. आपल्याला असा धोका पावसाळ्याच्या शेवटाकडे जास्त, कारण तोवर धरण भरलेलं असतं आणि एका रात्रीच्या पावसाने दरवाजे उघडावे लागतात. पहिली गोष्ट, आजवरचं पाणी कुठवर आलं होतं ती खूण जुन्या माणसांना विचारून वाचनालयाच्या भिंतीवर रंगाने काढा. त्या रेषेखाली तीन गोष्टी ठेवायच्या नाहीत: दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असते ती), इन्व्हर्टर आणि जिची दुसरी प्रत जगात नाही अशी वस्तू.

काय वाचवायचं हा क्रम आधी ठरलेला नसला की पाणी दारात आल्यावर लोक हाताला लागेल ते उचलतात, आणि बहुतेक वेळा ते समोरच्या कपाटातलं, बाजारात सहज मिळणारं पुस्तक असतं. छापील कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बुडाली तर बुडू द्या, ती पुन्हा येतील. आधी दाखल नोंदवही आणि सभासद नोंदवही. मग गावातली हस्तलिखितं, जुन्या स्थानिक साप्ताहिकांच्या फायली, 1936 च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासारख्या प्रसंगांचे लोकांनी दिलेले फोटो, संस्थेची पहिली इतिवृत्तं. श्रीलंकेतल्या जाफन्याचं वाचनालय 1981 मध्ये जाळलं गेलं, सुमारे 97,000 ग्रंथ गेले. सगळ्यात मोठी हानी झाली ती ज्यांची प्रत दुसरीकडे कुठेच नव्हती त्या ताडपत्रांची. तेव्हा अशा कागदांचे फोटो याच महिन्यात घ्या. स्कॅन केलात तर मजकूर 300 डीपीआय (स्कॅन किती बारीक ते मोजायचं माप), छायाचित्रं 600. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल, फक्त कागद सपाट आणि उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा. एक प्रत जळगावला, एक गावाबाहेरच्या कोणा सभासदाकडे. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर एकच प्रत असल्यासारखं आहे.

इराकमधल्या बसऱ्याच्या ग्रंथपाल आलिया मुहम्मद बकर यांनी 2003 च्या युद्धात सुमारे 30,000 पुस्तकं वाचवली. मध्यवर्ती वाचनालयाला आग लागायच्या आधीच त्यांनी शेजारच्या उपाहारगृहात भिंतीवरून पुस्तकं पोचवायला सुरुवात केली होती. शेजारी तयार होता म्हणून हे जमलं. आपलाही शेजारी आत्ताच ठरवा. पतपेढीचा पहिला मजला उत्तम, लेखी पत्र घेऊन ठेवा. जिनिंगचं गोदाम कोणी सुचवेल, ते नको. जागा मोठी आणि कोरडी असली तरी कापसाला ठिणगी पुरते.

उचलायला केळीचे प्लास्टिकचे क्रेट घ्या. धुता येतात, पाणी निथळतं, एकावर एक बसतात. क्रेटमध्ये 15 किलोपेक्षा जास्त पुस्तकं भरू नका. आधुनिक कागद आपल्या वजनाच्या साधारण 60 टक्के पाणी पितो, म्हणजे तोच क्रेट भिजला की 24 किलोचा होतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते. (नाना, तुम्ही उचलायचं नाही. तुम्ही यादी धरायची.) कपाटातही पुस्तकं ठासून भरू नका, दोन बोटं जागा सोडा. भिजून फुगली की घट्ट रांग फळी वाकवते, कपाटाच्या बाजू फाकवते, आणि ओढून काढताना पुस्तकाची पाठ फाटते. ओल्या पुस्तकाला वरून बोट घालून ओढायचं नसतं, शेजारची दोन मागे ढकलून मधलं दोन्ही हातांनी धरायचं.

पाणी ओसरल्यावर घाईने आत शिरू नका. आधी मेन स्विच बंद. पायात गमबूट, हातात काठी, कारण कपाटांमागे साप बसतात. मग काहीही न हलवता फोटो. ओली पुस्तकं उकिरड्यावर फेकून मोकळं व्हायची लोकांना घाई असते, पण दाखल क्रमांकांची यादी, फोटो, पंचनामा आणि मंडळाचा ठराव नसेल तर निर्लेखनाला, म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून रीतसर कमी करायला, आधार राहत नाही आणि पुढे तपासणीत उत्तर देता येत नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा.

आपल्या हवेत 48 तासांत बुरशी धरते. सगळी धावपळ या दोन दिवसांची. चिखल लागलेलं पुस्तक मिटलेलंच घट्ट धरून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून धुवा. उघडून धुतलं तर चिखल पानांत जातो. घासू नका, दाबून पिळू नका. कमी भिजलेली पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी मोकळी करा, पंखे लावा, दर 20-25 पानांमागे कोरा न्यूजप्रिंट घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. एका वेळी इतकेच कागद घाला की पुस्तकाची जाडी पाचव्या हिश्श्यापेक्षा वाढणार नाही, नाहीतर बांधणी तुटते. उन्हात वाळवू नका. आपल्याकडे सगळं अंगणात टाकायची सवय, पापड-कुरडया तशी पुस्तकं, पण कडक उन्हात पानं सुरकुततात आणि पुठ्ठा वाकडा होतो. चकचकीत कागदाची पुस्तकं, म्हणजे मुलांची चित्रपुस्तकं नि दिवाळी अंकांची रंगीत पानं, एकदा चिकटून वाळली की परत सुटत नाहीत. ती वाळायच्या आत प्रत्येक पानात कागद घालायला माणसं नसतील तर ती सोडून द्या.

फार भिजलेली पण मोलाची वस्तू असेल तर गोठवणं हा खरा उपाय. उणे 18 अंशांत बुरशी थांबते आणि महिनोन्‌महिने वेळ मिळतो. बटर पेपरात गुंडाळून, पाठ खाली करून, क्रेटमध्ये एकच थर. इथे एक चूक हमखास होईल. रावेर-सावद्याकडची केळीची शीतगृहं साधारण 13-14 अंशांवर असतात, तिथे कागद गोठत नाही, फक्त दमट राहतो. आइस्क्रीमची कोठी लागते. कोणाची आहे ते शोधून फोन नंबर लिहून ठेवा.

दम्याच्या माणसाने बुरशीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. हे मी तुम्हालाच उद्देशून लिहितेय, नाना. बाकीच्यांनी एन-95 मास्क आणि हातमोजे घालूनच काम करायचं.

पूर ओसरल्यावर लोकांना पुस्तक नको असतं, कागद हवे असतात. सातबारा, रेशनकार्ड, आधार, पासबुक, दहावीची गुणपत्रिका. यासाठी एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि दोन कॉलेजची मुलं नेमा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, ई-आधार मोफत आहे. अडतं ते ओटीपीवर, कारण नंबर जुना असतो किंवा फोन बंद. म्हणून चार्जिंग आधी. आपली 12 व्होल्ट 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे 1800 वॉट-तास. ती अर्ध्याखाली उतरवू नये, उरले 900, इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो, म्हणजे सुमारे 720. एका फोनला 25 धरले तर 28 फोन. पंखा लावलात तर तेवढे कमी, तेव्हा त्या दिवशी पंखा बंद. फोन कोणाचा कोणता यावरून भांडणं होतात. आपली देवघेवीची कार्डं त्याला कामी येतील, कार्डाचे दोन तुकडे करून एक अर्धं फोनला रबराने, एक अर्धं मालकाच्या हातात. बुडालेला इन्व्हर्टर मात्र मेकॅनिकने बघितल्याशिवाय चालू करायचा नाही.

दंगलीत आणि अफवेत गोष्ट वेगळी होते. 1 जुलै 2018 ला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. अफवा मोबाइलवरून आधीपासून फिरत होती, आणि "हे खरं आहे का" असं विचारायला जवळ कोणी नव्हतं. वाचनालयाच्या दाराशी एक फळा ठेवा. त्यावर तीनच रकाने: ऐकलेलं, कोणाकडून खातरजमा केली, वेळ. पोलीस ठाणे, तहसील, प्राथमिक आरोग्य केंद्र यांना फोन करून उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा रकाना भरायचा नाही. "अजून कळलं नाही" असंही लिहायचं, ते लपवलं की लोक फळ्यावर विश्वास ठेवत नाहीत. फळा अहिराणीतही लिहा, सातपुड्याकडची मजूर कुटुंबं असतील तर पावरी बोलणारा एखादा पोरगा वाचून दाखवायला बसवा. 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 वर मोठ्या अक्षरांत. इंटरनेट बंद झालं तर रेडिओ आणि वर्तमानपत्र, एवढंच उरतं, म्हणून सेलचा रेडिओ कपाटात हवा.

आसऱ्याला आलेल्यांची यादी करताना नाव, गाव आणि कोणाला कळवायचं एवढंच लिहा. जात-धर्माचा रकाना कोणत्याही नोंदवहीत नको, आणि बायकांची नावं-नंबर भिंतीवर लावू नका. तणावाच्या दिवसांत अशी यादी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आणि जमाव दारात आला तर पुस्तकं सोडून मागच्या दाराने माणसं बाहेर काढायची. बोस्नियातल्या सारायेवोचं राष्ट्रीय ग्रंथालय 1992 च्या ऑगस्टमध्ये तोफांनी जळत होतं तेव्हा पुस्तकं काढायला गेलेली आयदा बुतुरोविच ही तिथली ग्रंथपाल मारली गेली. ठरावात हे स्पष्ट लिहून घ्या की कोणालाही पुस्तकांसाठी थांबायची सक्ती नाही.

आई, बालविभाग तुझ्याकडे आहे, म्हणून हे तुझ्यासाठी. निवाऱ्यातल्या मुलांना रोज त्याच वेळी, त्याच सतरंजीवर, अर्धा तास गोष्ट. वेळ पाळणं महत्त्वाचं, कारण त्यांच्या दिवसातलं बाकी सगळं मोडलेलं असतं. पूर कसा आला हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नको. ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलतो, बाकीच्यांना खडू आणि कागद दे. एखादं मूल आठवडे उलटले तरी झोपत नाही, जेवत नाही असं दिसलं तर आशाताईंना सांग.

सभेला विषय तीनच ठेवा, नाना: भिंतीवरची रेषा आणि जमिनीपासून 1 फुटावरचा सगळ्यात खालचा खण रिकामा करणं, पतपेढीचं पत्र, आणि दुपारची वेळ. पैसे लागतात ते क्रेट, मास्क, रेडिओ आणि कोऱ्या न्यूजप्रिंटच्या रिमला, नव्या एका कपाटापेक्षा कमी. कपाटांची रुंदी आणि खणांची उंची मोजून कळवा, म्हणजे किती क्रेट लागतील त्याचा हिशेब करून पाठवते.

औषधं वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
ताई