ध्वजवंदन झाल्यावर मुलांना ग्रामसभेला नेऊया

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांच्या नव्या अभ्यासक्रमावर आपल्या दैनिकात सध्या भरपूर पत्रं येत आहेत. भाषा किती असाव्यात, इतिहासात कोणाला किती पानं मिळाली, यावर वाचक पोटतिडकीने लिहितात. ते लिहायलाच हवं. पण नागरिकशास्त्राबद्दल कोणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या वाचनात आल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

मी माण तालुक्यातल्या एका गावात बावीस वर्षं इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवते. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून 40 गुणांचा पेपर असतो, त्यातले राज्यशास्त्राला 12. त्यामुळे हा विषय वर्षाच्या शेवटी उरकला जातो. मीही अनेक वर्षं तो तसाच उरकला, हे कबूल करते. पुढे हीच मुलं तलाठी भरती, पोलिस भरतीच्या अभ्यासाला लागली की पंचायत राज पुन्हा पाठ करतात. वसंतराव नाईक समिती, 1 मे 1962, 73 वी घटनादुरुस्ती, सगळं तोंडपाठ. त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या गावची ग्रामसभा एकदाही पाहिलेली नसते.

दोन वर्षांपूर्वी सहावीला स्थानिक शासन शिकवत होते. फळ्यावर ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, लिहून दिली: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या गावात शंभर माणसं येतात का?" मला उत्तर देता आलं नाही. मी स्वतः कधी गेले नव्हते.

त्या 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं, मुलांना खाऊ वाटला आणि सहावीचा वर्ग घेऊन मी मारुतीच्या देवळात ग्रामसभेला गेले. मतदार नसल्यामुळे मुलं बाजूला, ओट्यावर बसली. ग्रामसेवक भाऊसाहेब मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते. कर्ण्यातून खरखर येत होती, तरी शब्द कळत होते. त्या मुलीने बोट दाखवत माणसं मोजली. सदतीस. त्यांत बायका चार, त्यांतल्या दोघी ग्रामपंचायत सदस्य. सभा तहकूब झाली. आठवड्याने पुन्हा भरली तेव्हा अठ्ठावीस माणसं होती आणि सगळे ठराव मंजूर झाले, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिली. "बाई, मग आधी शंभर माणसं लागतात तरी कशाला?"

बावीस वर्षांत माझ्या तासाला इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यावर आम्ही तीन तास बोललो. कायद्याने जागा ठेवली, आपण ती भरली नाही, तर निर्णय थांबत नाही, तो उरलेल्यांचा होतो, हे मुलांनीच शोधून काढलं. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते हे समजल्यावर काही मुलींनी घरी आयांना विचारलं. एकीच्याही आईला असं काही असतं हे ठाऊक नव्हतं.

त्याच सुमारास भूगोलात पर्जन्यमान चाललं होतं. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास. हा आकडा मुलांना काही केल्या लागेना. मग शाळेच्या पत्र्याची मापं घेतली: 25 मीटर लांब, 8 मीटर रुंद, म्हणजे 200 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे मिलिमीटरने गुणलं तर एक लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर 10 हजार लिटरचा. म्हणजे दहा टँकर पाणी आपल्या पत्र्यावरून गटाराला जातं, हे कळल्यावर वर्गात जो गलका झाला तो अजून माझ्या कानात आहे.

मग विहीर मोजायला घेतली. कासऱ्याला दर फुटावर गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि गावच्या पिण्याच्या विहिरीत दर महिन्याच्या एक तारखेला सोडायचा. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात, आम्ही दरमहा मोजू म्हटलं. ऑक्टोबरात पाणी 11 फुटांवर होतं, जानेवारीत 19, मार्चमध्ये 31. मेच्या पहिल्या तारखेला दगड कोरडाच खडकावर आपटला. तो आवाज ऐकून मुलं एकमेकांकडे बघायला लागली. राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे आणि पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमातच साठतं, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगत आले. त्या वर्षी चित्र काढावं लागलं नाही.

इथवरचं सगळं आनंदाचं झालं. अवघड भाग पुढे आला आणि तो सांगितल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. गेल्या वर्षी, हीच मुलं सातवीत असताना, मी सांगितलं की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घेण्यावर 1993 पासून कायद्याचं बंधन आहे. एक मुलगा उठला. "बाई, आमची बोर तर दोनशे पावलांवर हाय. म्या मोजलीत." वर्ग गप्प झाला. मुलांनी मग तक्ताच केला: मध्ये गावची विहीर, भोवती ठिपके. 500 मीटरच्या आत चौदा बोअर निघाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील शाळेत आले. डाळिंबाची बाग, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. "आमच्यावरच का बोट ठेवताय? बाकीच्यांच्याही आहेत की." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यांना नोंदींची वही दाखवली, महिन्यामहिन्याने खाली गेलेली पातळी दाखवली. ते बराच वेळ वही चाळत बसले आणि काही न बोलता गेले. तक्ता भिंतीवर लावू नये, गावात उगाच तेढ नको, असं मला सांगण्यात आलं. तो गुंडाळून कपाटात ठेवला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, पण एक गोष्ट लखलखीत समजली. निवडणूक, बहुमत, हक्क आणि कर्तव्यं हे धडे शिकवणं सोपं आहे. आपल्या वडिलांची बोअर आणि गावाची विहीर एकाच कागदावर मांडून बोलायला शिकवणं अवघड आहे, आणि नागरिकशास्त्र हेच आहे.

त्यानंतर मी महाडचं चवदार तळं वेगळ्या रीतीने शिकवलं. एरवी मुलं 'जोड्या लावा'मध्ये चवदार तळे आणि 1927 अशी रेघ मारतात आणि मोकळी होतात. या वेळी आम्ही क्रम लावला. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचं ठरलं. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. तरीही तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे तळ्यावरचा हक्क कोर्टात गेला, आणि 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. कायदेमंडळ, नगरपालिका, लोकांची चळवळ, न्यायालय, हे सारं एका तळ्याभोवती. ठराव कागदावर होता आणि तळं तरी बंद होतं, हे ऐकताना मुलांना आपल्या देवळातली तहकूब सभा आठवली. मला सांगावं लागलं नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाबद्दलही सांगितलं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. गावाने अभ्यासगट चालवला, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले आणि वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. "सगळे हो म्हणेपर्यंत थांबायचं? मग आपल्याकडे बोरीचा निकाल कधी लागणार?" हा प्रश्न त्याच मुलाने विचारला, ज्याची बोअर दोनशे पावलांवर आहे.

आता माझं म्हणणं. पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे, म्हणजे वरच्या इयत्तांसाठी अजून वेळ आहे. इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू नका. प्रत्येक शाळेने आपल्या गावचा एक पाणवठा, एक डोंगर किंवा एक गायरान घ्यावं आणि तिन्ही विषय त्याच्याभोवती शिकवावेत. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण आज बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या वह्या उतरवून मिळतात. ते गुण विहिरीच्या नोंदीला आणि ग्रामसभेच्या टिपणाला द्या. गावाचा विकास आराखडा करताना बालसभा घ्यावी असं अपेक्षित आहे, ती फोटोपुरती न ठेवता तिच्यात मुलांचे आकडे वाचले जावेत. शहरातल्या शाळांनी प्रभाग समिती गाठावी. आणि शिक्षकांवर विश्वास ठेवा. मुलांनी मोजलेलं खरं असेल तर ते भिंतीवर लावायची मुभा आम्हाला हवी.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. त्या दिवशी किंवा त्याच्या आसपास ग्रामसभा असते, आणि यांतले पहिले तीन ध्वजवंदनाचेही दिवस. मुलं इस्त्रीचा गणवेश घालून आलेलीच असतात. त्यांना खाऊ देऊन घरी पाठवण्याऐवजी आणखी दोन तास थांबवून घ्यायचं, इतकंच. यासाठी पैसा लागत नाही, परिपत्रकाची वाट पाहायचीही गरज नाही.

ती मुलं आता आठवीत आहेत. नव्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. येत्या 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलं तो तक्ता आणि नोंदींची वही घेऊन देवळात येणार आहेत. त्या मुलाचे वडीलही येतो म्हणाले आहेत.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, माण तालुका (जि. सातारा)