छताच्या पैशांचे काय झाले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या अंकातली आमच्या बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) ट्रस्टच्या पैशांच्या वादाची बातमी वाचली आणि त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नाही. विश्वस्तांचे म्हणणे आपण छापलेत: व्यवहार स्वच्छ आहेत, दरवर्षी ऑडिट होते. विरोधी गटाचेही छापलेत. पण जे कुठल्याच गटात नाहीत, दर रविवारी दानार्पणाच्या थैलीत जमेल ते टाकून गुपचूप घरी जातात, त्या सभासदांना कोणी काही विचारले नाही.

ऑडिट होते, हे खरे आहे. ते मी स्वतः वाचले आहे. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

ट्रस्टच्या मुलींच्या वसतिगृहात मी पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत राहिले. आई विड्या वळायची. हजार विड्यांची मजुरी हातात पडली की त्यातले पैसे ती आधी माझ्या खानावळीसाठी बाजूला काढायची, मग किराणा. ती गेल्यानंतर, २०१८ साली, उपासना संपताना पाळकसाहेबांनी जाहीर केले की वसतिगृहाच्या छतासाठी वेगळा निधी काढला आहे. मी आईच्या नावाने २५ हजार रुपये दिले. खजिनदारांनी कार्बन घालून पावती फाडली आणि तपशिलाच्या रकान्यात 'वसतिगृह छत दुरुस्ती' असे लिहिले. ती पावती आईच्या विडी कामगाराच्या कार्डाबरोबर मी जपून ठेवली आहे.

छत अजून तेच आहे. गेल्या पावसाळ्यात गेले तेव्हा मुलींनी पेट्या विटांवर चढवून एका कोपऱ्यात रचल्या होत्या. खोलीच्या मधोमध पातेले होते. ते भरले की एक सातवीतली मुलगी उचलून मोरीत ओतायची आणि पुन्हा जागेवर ठेवून अभ्यासाला बसायची. पातेले नेमके कुठे ठेवायचे हे तिला न बघता ठाऊक होते.

वार्षिक सभेत मी दोनदा विचारले. पहिल्या वर्षी उत्तर मिळाले, "हिशेब ऑडिटरकडे आहेत." पुढच्या वर्षी म्हणाले, "बाई, परदेशातून पैसा येणं थांबलंय, एफसीआरएचे नियम तुम्हाला माहीत नाहीत." एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याचे नियम मी वाचले. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि त्या खात्यात दुसरा पैसा टाकता येत नाही. मग तिकडचा ओघ आटला म्हणून सोलापुरात रोख दिलेल्या आणि पावती असलेल्या पैशांचा हिशेब का अडावा?

शेवटी ट्रस्टचे हिशेब जिथे दाखल होतात त्या धर्मादाय कार्यालयात अर्ज केला, ऑडिट झालेल्या हिशेबांच्या नकलांची फी भरली, भर उन्हात चार खेपा घातल्या. तीस वर्षे शाळेत गणित शिकवले आहे, त्यामुळे आकड्यांची भीती वाटत नाही. त्या हिशेबांतली अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद. त्यात डावीकडे छत दुरुस्तीचा निधी जसाच्या तसा दाखवला आहे, म्हणजे त्यातला एक रुपयाही छतावर खर्च झालेला नाही. ठीक. मग तेवढी रक्कम उजवीकडे मुदत ठेवीत नाहीतर बँकेत दिसायला हवी. उजवीकडे ठेव नाही आणि बँकेतली सगळी शिल्लक मिळूनही त्या निधीच्या निम्मी भरत नाही. अनुसूची नऊमध्ये, म्हणजे जमाखर्चाच्या पत्रकात, ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च वेगळा दाखवावा लागतो: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत. वैद्यकीय मदतीपुढे नुसती रेघ आहे. कायदेविषयक खर्चापुढे मात्र शैक्षणिक खर्चापेक्षा मोठा आकडा आहे. कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही. माझ्या आईच्या नावाचे पैसे वकिलांच्या फीमध्ये गेले असतील तर तसे सभेत उभे राहून सांगा, एवढेच म्हणते.

हे मागण्याचा हक्क मला कायद्याने तर आहेच, पण त्याआधी तो बॅप्टिस्ट म्हणून आहे. आमच्यात बिशप नसतो. पाळकाला बोलावायचे की नाही हे मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, मत देऊन ठरवते, जमाखर्चही मंडळीपुढेच मांडायचा असतो. प्रांतिक ट्रस्ट झाला म्हणून ही रीत मोडत नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तीही तो एकट्याच्या हाती ठेवायला तयार नव्हता. मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने बरोबर घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले हे आमच्या प्रत्येक जयंती-वर्धापनात सांगितले जाते. त्यांचे आणि त्यांच्या मिशनच्या इंग्लंडमधल्या कमिटीचे बंगालमधल्या सेरामपूरच्या मालमत्तेवरून इतके बिनसले की १८२७ साली दोघे वेगळे झाले, हेही सांगितले पाहिजे. पैशावरून मतभेद होण्यात लाज नाही. सभासदाने प्रश्न विचारला की त्याला 'फूट पाडणारा' ठरवतात, त्याची मात्र मला लाज वाटते.

नकला घेताना ट्रस्टचा नोंदणी उतारा, परिशिष्ट एक, तोही मागितला. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला तसे कळवायचे, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यायचा, हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात आहे. उताऱ्यावर ज्यांची नावे विश्वस्त म्हणून आहेत, त्यांतल्या दोघांच्या मातीला मी स्वतः गेले होते. ट्रस्टचे रस्त्याकडेचे गाळे एकाच माणसाला ११-११ महिन्यांच्या कराराने वर्षानुवर्षे देत आले आहेत. तीन वर्षांपेक्षा मोठ्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती मागायची वेळच येऊ नये म्हणून ११ महिने, असे कोणी म्हटले तर विश्वस्त त्याला काय उत्तर देणार?

आता आपल्याबद्दल. बातमीबरोबर छापलेला फोटो आमच्या चर्चचा नाही. तो कॅथलिक चर्चचा आहे, त्यांचा या वादाशी काडीचा संबंध नाही. त्या लोकांना विनाकारण फोन आले असतील. आमच्या पाळकांना आपण दोन ठिकाणी 'फादर' म्हटले आहे. बॅप्टिस्टांत फादर नसतात. पाळक म्हणावे, नाहीतर रेव्हरंड. नाताळच्या पुरवणीतही हीच चूक होती, तेव्हाही मी कार्ड टाकले होते. उत्तर आले नाही.

आपल्या वार्ताहराला सगळ्या नकला आणि मूळ पावती दाखवायला मी तयार आहे. सकाळी अकराच्या आत कधीही पाठवा. दुपारी मी वसतिगृहात मुलींची शिकवणी घेते. तिथे आलात तरी चालेल, छतही बघून होईल.

आपली,
मंडळीची एक सभासद व निवृत्त शिक्षिका, सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)