बोट विकली, पुढे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बोट घ्यायला निघालेला माणूस चौकशी करतो ती किमतीची, सवलतीची आणि सोबत फुकट काय मिळेल याची. ताडपत्री मिळाली, दोन लाइफ जॅकेट मिळाली की सौदा चांगला झाला असे तो समजतो. बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ मिळून चालवतात त्या छोट्या दुकानात असे फार काही सुटत नाही. तिथे एकच गोष्ट विचारावी: शेवटचे पैसे देण्याआधी बोट पाण्यात उतरवून पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिन पुरते सोडून, त्याचे फेरे मोजून दाखवणार का?

हा प्रश्न विचारण्यामागे कारण आहे. आउटबोर्ड इंजिनाने, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाने, पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला किती फेरे घ्यावेत, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते; समजा 5,000 ते 6,000. चाचणी नेहमीची माणसे, सामान आणि भरलेली टाकी घेऊनच करायला हवी. इंजिन 4,600 वरच अडकले, तर पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितके अंतर पुढे जाईल ते माप, जास्त आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटावी तसे ते इंजिन कायम दमते, तापते, आत कार्बन धरते. पिच एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. म्हणजे इथे दोन-तीन इंचांचा फरक हवा. उलट फेरे मर्यादेबाहेर जात असतील तर पिच वाढवावा लागतो. पंखा बदलण्याआधी इंजिन किती उंचीवर बसवले आहे तेही बघायला हवे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत असावी. इंजिन फार वर बसले तर वळताना पंखा हवा ओढतो आणि फेरे एकदम सुटतात. या कामाला एखादा तास आणि दोन-तीन जादा पंखे लागतात. ज्याने बोट विकली त्यालाच उद्या ती दुरुस्त करायची असेल, तर तो हा तास आनंदाने देतो. घरच्या धंद्याचा खरा फायदा हाच.

ही झाली दुकानाची पहिली परीक्षा. दुसरी पहिल्या सर्व्हिसिंगची. बहुतेक कंपन्या ती इंजिन 20 तास चालल्यावर सांगतात. त्यानंतर दर 100 तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. नव्या गिअरचे दाते एकमेकांत बसताना धातूची बारीक भुकटी सुटते, म्हणून गिअरचे पहिले ऑइल बदलणे चुकवून चालत नाही. ऑइल काढायच्या खालच्या स्क्रूच्या चुंबकावर करडा लगदा दिसला तर काळजी नको, पण कणी किंवा कपची दिसली तर गिअरबॉक्स उघडायलाच हवा. ऑइल दुधाळ निघाले तर पाणी शिरले आहे. अशा वेळी नुसते ऑइल बदलून बिल हातात देणारे दुकान टाळावे. चांगला कारीगर आधी पंखा काढतो, कारण बहुतेकदा मासेमारीची दोरी पंख्याच्या शाफ्टला गुंडाळून पाणी अडवणारे सील कापलेले असते. नवे ऑइल खालच्या भोकातून पंपाने वर चढवायचे, म्हणजे हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून ऑइल आले की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग पंप काढून पटकन खालचा. दोन्ही वॉशर नवे. जुन्या दबलेल्या वॉशरमधून पुन्हा पाणी शिरते आणि गिऱ्हाईक मात्र कंपनीला शिव्या घालते.

तिसरी परीक्षा फोनवर होते. इंजिन दहा मिनिटे चालून बंद पडते, अशी तक्रार आली की जाणकार दुकानदार “घेऊन या” म्हणत नाही. तो विचारतो, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चपटा झालाय का? चपटा असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो किंवा टाकीतली जाळी तुंबलेली असते. झाकण सैल करून इंजिन चालू लागले की काम संपले, बिल शून्य. फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर टाकी रिकामी आहे, कुठून तरी हवा शिरते आहे किंवा फुग्याची झडप गेली आहे. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे आहे ना, हेही विचारावे. नळी उलटी जोडणारे कमी नाहीत.

इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली तरी तसेच. आधी त्या भोकात नायलॉनच्या दोरीचा तुकडा घालून बघावा. मीठ, वाळू, कधी किड्याचे घर निघते. त्याने भागले नाही तरच पाण्याचा पंप खोलावा. आतला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, तुटलेला निघाला, तर त्याची पाती मोजून सगळे तुकडे शोधायचे, नाहीतर एखादा तुकडा पुढे अडकून नवा इम्पेलर असूनही इंजिन तापते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि बिलात दिसतही नाही. बदललेले जुने भाग पिशवीत घालून न मागता परत देणारे दुकान मला म्हणूनच जास्त विश्वासाचे वाटते.

अशा दुकानांचा एक दोषही सांगायला हवा. सगळा हिशेब म्हाताऱ्या मालकांच्या डोक्यात असतो. कोणत्या बोटीला कितव्या तासाला काय बदलले, कुठला पंखा लावला, हे त्यांना तोंडपाठ. पण ते आजारी पडले की मुलगा अंधारात चाचपडतो. वॉरंटीचा दावा करतानाही कंपनी लेखी नोंद मागते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक बोटीची एक वही ठेवावी. पहिल्या पानावर इंजिनाचा नंबर, पंख्याचा व्यास आणि पिच, चाचणीत मिळालेले फेरे लिहावेत. पुढच्या पानांवर दर वेळी तारीख, तास आणि बदललेल्या भागांचे नंबर. एक प्रत दुकानात, एक गिऱ्हाइकाकडे. बोट ताब्यात घेताना ही वही मागावी, आणि पहिले पान कोरे असेल तर भरून घेतल्याशिवाय बोट हलवू नये.

आपला,
एक वाचक