लिफ्टला पाटी आहे, जुन्या मजल्याला का नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या इमारतीत कॅफे, कलादालन किंवा हॉटेल सुरू झाल्याची बातमी आली की वाचकांच्या पत्रांत दोन ठरलेले सूर लागतात. वारशाचा बाजार मांडला, हा एक. निदान इमारत तरी वाचली, हा दुसरा. दोन्ही सूर रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी भागाकडे पाहून लावलेले असतात. प्रत्यक्षात इमारत तगणार की खचणार हे तिचा मजला, मोरी आणि गच्ची यांवर ठरते, आणि वापर बदलताना नेमकी त्यांचीच चौकशी होत नाही.

वापर बदलण्यात गैर काही नाही. मुंबईच्या फोर्टात उच्च न्यायालय, विद्यापीठ, सीएसएमटी ही मूळ कामालाच जुंपलेली मंडळी. बाकी कित्येकांचे दोन-तीन जन्म झालेत. रिगल सिनेमासमोरचे राज्य पोलीस मुख्यालय १८७६ साली खलाशांचे वसतिगृह म्हणून पुरे झाले. १९२८ मध्ये ती जागा सरकारने विधिमंडळासाठी घेतली, आणि नरिमन पॉइंटला नवे विधान भवन होईपर्यंत राज्याचे कायदे तिथे होत राहिले. १८७४ च्या जुन्या सचिवालयात आज दिवाणी व सत्र न्यायालय भरते. कावसजी जहांगीर हॉल सभा-मैफलींसाठी बांधला होता. १९९६ पासून तिथे आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन आहे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा आली, पुढे पालिकेची कचेरी आली. राहत्या वाड्याची शाळा आणि शाळेची कचेरी होणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

यातले एक उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. खलाशीगृहाचे विधिमंडळ करताना सभागृह जुन्या खोल्यांत कोंबले नाही, शेजारी वेगळे बांधले. खोल्या कचेऱ्यांना दिल्या. गर्दीचा भार नव्या बांधकामावर गेला. हा विवेक आज परवानगीच्या कुठल्याच अर्जात मागितला जात नाही.

आता आकड्यांकडे येऊ. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात कोणत्या वापराला मजल्यावर किती भार धरायचा ते दिले आहे. ढोबळ किलोंत सांगायचे तर राहत्या घराला दर चौरस मीटरला २००, शाळेच्या वर्गाला ३००, कागदपत्रांची वेगळी खोली असलेल्या कचेरीला २५०, ती नसेल तर ४००, पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहाला ५०० आणि ग्रंथालयाच्या पुस्तकघराला किमान ६००. म्हणजे राहत्या घराची कचेरी झाली आणि कागद तिथेच साठू लागले की भार दुप्पट. दिवाणखान्यात पुस्तकांचे रॅक लावले की तिप्पट. बाहेरून मात्र एक वीटही हललेली दिसत नाही.

साडेसहा फुटी लोखंडी कपाट फायलींनी गच्च भरले की तीनशे ते चारशे किलोंच्या घरात जाते, आणि उभे असते साडेचार चौरस फुटांवर. अशी सहा कपाटे ‘खोली मोकळी राहावी’ म्हणून खोलीच्या मधोमध पाठीला पाठ लावून ठेवतात. तुळईला सर्वांत जास्त वाक मध्यावरच येतो, म्हणजे भार नको तिथे नेमका पडतो. हीच कपाटे भिंतीलगत, तुळया जिथे टेकतात त्या बाजूला आणि एका ओळीत ठेवली तर निम्मे दुखणे पैसा न खर्चता कमी होते. तुळया कुठल्या दिशेने गेल्या आहेत हे मात्र आधी पाहावे लागते. फॉल्स सीलिंग लावले असेल तर ते दिसतच नाही. जुन्या इमारतीत फॉल्स सीलिंग लावण्याइतकी वाईट सवय नाही. गळती, वाळवी आणि वाक या तिन्ही गोष्टी ते एकदमच झाकते.

दुसरा छुपा भार गच्चीवर असतो. गळती लागली की विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा गळती लागते, आणि फोडायचा खर्च व राडारोडा टाळण्यासाठी जुन्या कोब्यावर नवा चढतो. असे तीन थर चढले की गच्चीवर कायमचा सहाशे किलोंचा बोजा येतो. त्यावर हजार लिटरच्या दोन टाक्या, म्हणजे आणखी दोन टन. कोबा नवा घालायचा तर जुना उतरवलाच पाहिजे, आणि टाकी खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर, गर्डरवर बसवली पाहिजे. कंत्राटदाराला हे ठाऊक असते. निविदेत लिहिलेले नसते.

तिसरा भार पोटमाळ्याचा. तळमजल्याच्या दुकानाला सोळा फूट उंची मिळाली की मालक आडवा लोखंडी माळा टाकतो. त्याच्या गर्डरसाठी भिंतीत नऊ इंच खोल खाचा पाडतात. भिंत चुन्याची, भार वाहणारी, आणि खाचा नेमक्या वरच्या खिडकीखाली. वर्षभरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि दोष ‘जुन्या बांधकामाला’ दिला जातो. माळा हवाच असेल तर त्याचे खांब जमिनीपासून स्वतःच्या पायावर उभे करावेत आणि भिंतीला हात लावू नये. चार खांबांची जागा जाते, एवढाच तोटा.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, या सगळ्याचा धडा आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून इथे आणून जोडला. १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंच्या चलचित्रांचा खेळ इथे झाला, एवढे सगळ्यांना पाठ असते. पुढचे कमी जणांना. हॉटेल गेल्यावर खोल्यांच्या लहान लहान खोल्या पाडल्या आणि कचेऱ्या आल्या. सत्र न्यायालय जवळ म्हणून त्यांत बऱ्याच वकिलांच्या. वकिलाची कचेरी म्हणजे कागदच कागद. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला, २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. दोष एकट्या कपाटांचा नव्हे. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठलेल्या भाड्यात रंगाचा डबासुद्धा येत नाही, हेही तितकेच खरे. पण ओतीव लोखंडाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. दाब ते उत्तम घेते. ताण आणि वाक घेत नाही, आणि तुटताना आधी वाकून सूचना देत नाही. त्यावर वेल्डिंग करून नवी पट्टी जोडली की उष्णतेने तिथेच तडा जातो. आधार द्यायचा तर पट्टा आवळून, बोल्टने.

आता पाणी. जुन्या मुंबईत संडास इमारतीच्या मागे, वेगळ्या मनोऱ्यात असत आणि सफाई कामगारासाठी बाहेरून गोल लोखंडी जिना असे. ती व्यवस्था माणसाचा अपमान करणारी होती, ती गेली हे चांगलेच झाले. पण लाकडी मजल्यापासून पाणी लांब ठेवण्याचे शहाणपण तिच्याबरोबर गेले. हॉटेल किंवा कचेरी करताना आज प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर हवे असते. लाकडी तुळयांवर सिमेंटचा थर, त्यावर विटांचा भराव, त्यावर फरशी. सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपते आणि भिंतीत गेलेले तुळईचे टोक ओले राहते. सागवान मधल्या लांबीत शंभर वर्षांनंतरही खणखणीत असते. कुजते ते हे भिंतीतले नऊ इंच. टोकाला पातळ सळई टोचून पाहावी. ती सहज अर्धा इंच आत गेली तर लाकूड गेलेले आहे, वरून कितीही पॉलिश असो. नवी न्हाणीघरे एकावर एक, मागच्या बाजूला, स्वतंत्र सांगाड्यावर घ्यावीत. प्रत्येक खोलीला न्हाणीघर मिळत नसेल तर त्या इमारतीत त्या प्रकारचे हॉटेल होत नाही, इतके ते सरळ आहे.

एसीचे पाणीही असेच. बाहेर लोंबणाऱ्या नळीतून दिवसभर ठिबकणारे पाणी पोरबंदरच्या चुनखडी दगडावर पडले की दगड झिजतो. मालाडच्या पिवळ्या दगडावर हिरवट ओघळ धरतात. नळी पन्हळीत नेऊन सोडायला काही हजार रुपये लागतात. दगड बदलायचा खर्च कितीतरी पट, आणि तसा दगड मिळायला हवा. शिवाय एसी आले की वीज. पंधरा एसींना वीस-पंचवीस किलोवॉट लागतात. मीटर वाढवून मिळतो. पण लाकडी पट्टीतून गेलेल्या आतल्या तारा तशाच राहतात.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ही तर घरोघरची चूक. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तोंड बंद केले की ओल आतच राहते, क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. सुटताना विटेचा चेहराही घेऊन जातो. वर जलरोधक रंग मारला असेल तर आणखी लवकर. उपाय कंटाळवाणा आहे: किमान पंधरा दिवस भिजवून मुरवलेला चुना, त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, एका थराला अर्ध्या इंचापेक्षा जास्त जाडी नाही, आणि प्रत्येक थर आठवडाभर ओलसर ठेवायचा. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेल्या कामात हे कुणाला परवडत नाही. मग सिमेंट येते.

या गोंधळातला विरोधाभास गिरणगावात दिसतो. वजनदार यंत्रे आणि त्यांची थरथर सोसायला बांधलेल्या गिरण्यांचे मजले कुठलाही नवा वापर पेलू शकले असते: ग्रंथालय, शाळा, अभिलेखागार, काहीही. २००१ मध्ये गिरण्यांच्या जमिनीचा नियम बदलला आणि त्या इमारती भराभर पडल्या. फायलींची कपाटे राहिली ती राहत्या खोल्यांच्या लाकडी जमिनीवर.

मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे. श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन. श्रेणी उतरते तशी आतल्या बदलांना मोकळीक वाढते. हे धोरण चुकीचे नाही, कारण वापर नसलेली इमारत आणखी लवकर जाते. पण मोकळीक देताना दर्शनी भागाचा रंग, खिडक्यांचा आकार आणि पाटीची मापे यांवर जेवढी चर्चा होते, त्याच्या दशांशही नव्या वापराच्या भारावर होत नाही. वापर-बदलाच्या अर्जासोबत चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात. प्रत्येक मजल्याच्या तुळयांचा नकाशा, दिशा आणि टेकणीच्या जागांसह. दोरी ताणून मोजलेला प्रत्येक तुळईचा वाक. पंधरा फुटी तुळईला पाऊण इंचापेक्षा जास्त पोट असेल तर आधी दुरुस्ती, मग परवानगी. भेगांवर चुना-प्लास्टरने बसवलेल्या, तारीख टाकलेल्या काचपट्ट्या, एक अख्खा पावसाळा. काच फुटली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून वाढते आहे. आणि नव्या पाण्याच्या व विजेच्या वाटा दाखवणारा एक कागद.

पावसाळाभर थांबायचे, यावर ओरड होईल. मालकाचे व्याज चालू असते, हे मान्य. तेवढ्या काळात तळमजला तात्पुरत्या वापराला देता येईल. त्याला बहुधा जमिनीचाच आधार असतो.

लिफ्टमध्ये ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ अशी पाटी असते आणि ती नसेल तर आक्षेप घेता येतो. वापर बदललेल्या प्रत्येक जुन्या इमारतीत, प्रत्येक मजल्याच्या जिन्यापाशी तशीच धातूची पाटी असावी: या मजल्यावर दर चौरस मीटर इतके किलो, कपाटे अमुक भिंतीलगत, शेवटची तपासणी अमुक साली, तपासणाऱ्या अभियंत्याचा नोंदणी क्रमांक अमुक. भाडेकरू बदलला की पाटी नव्याने भरायची. शिपायालाही ती वाचता यावी म्हणून मराठीत, आणि कपाट हलवायला आलेल्या हमालाच्या नजरेला पडेल इतक्या उंचीवर.

कळावे,
एक स्थापत्य अभियंता, गिरगाव, मुंबई