नवजात अतिदक्षता विभागातील अनाम सोबत्यांचे आभार

जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतला जंतुसंसर्ग अनेकदा तापाने नव्हे, तर बाळ दूध ओढेनासे झाल्याने किंवा त्याचे अंग गार पडल्याने लक्षात येतो. आमच्या बाळाकडे पाहताच तो ओळखणाऱ्या परिचारिकेचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर थांबणे धोक्याचे असते, म्हणून प्रतिजैविके लगेच सुरू केली आहेत, हे रात्रपाळीच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावले. आईने काढून दिलेले दूध नळीतून थेंबथेंब पाजणाऱ्या आणि काचेच्या पेटीत हात घालून बाळाच्या तळव्यावर बोट कसे टेकवावे हे आम्हाला शिकवणाऱ्या ताईंचे नावही आम्हाला ठाऊक नाही. स्वतःचे बाळ आत असतानाही माझ्या पत्नीला बळेच दोन घास खायला लावणाऱ्या त्या आईचे आभार तर वेगळे मानायलाच हवेत.