एसटीतून, सोनूला

सोनू,

हॉस्टेलच्या गेटवर वळूनसुद्धा बघितलं नाहीस. एसटीत बसून टाईप करतोय, चुका समजून घे. तुझी छाती फुगलीय म्हणून दाखवायला गेलो खरं, पण डॉक्टर तपासताना मी बाहेर जायला हवं होतं, कबूल. १५ वर्षांच्या पोराचे अंडकोष तपासतायत आणि बाप समोर खुर्चीत, चुकलंच. पण ते बघावंच लागतं म्हणाले, तिथे गाठ असली किंवा वाढ कमी असली तरी छाती फुगू शकते.

बाकीचं ऐकलंस ना? छाती अंगठा आणि बोटात धरून बघितली, छातीच्या बोंडाखाली चकती लागली, म्हणजे नुसती चरबी नाही. वयात येताना हार्मोन्सचा तोल जरा ढळतो, निम्म्या तरी पोरांना थोडंफार होतंच, आणि बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपोआप उतरतं. रक्त तपासणी आत्ताच नको म्हणाले. दगडासारखी टणक गाठ, बोंडातून रक्त, असलं काही असतं तर गोष्ट वेगळी. माईआत्याच्या आजाराचा आणि याचा काही संबंध नाही, आजीला मी समजावतो.

फक्त एक. जिममध्ये काही घेतोस का विचारलं तेव्हा तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग नाही म्हणालास. जाऊ दे, विषय काढायचा नाही ठरवलं होतं.

आठवीत मलाही होतं रे, डाव्या बाजूला. शर्ट घासला तरी कळ यायची. सगळी पोरं कृष्णेत उड्या मारायची आणि मी घाटावर त्यांचे कपडे राखत बसायचो, घरी सांगायचो सर्दी झालीय. अख्खा मे महिना सर्दी! अकरावीपर्यंत कधी गेलं कळलंही नाही. आज्जाला शेवटपर्यंत बोललो नाही. तू बोललास, मी हुडीवरून एवढा ओरडलो तरी बोललास, तालुक्याला कबड्डीत पकड केलीस त्यापेक्षा मला हे मोठं वाटलं.

पण जिममधल्या त्या ट्रेनरचं काही घेऊ नको. असल्या स्टेरॉइडचं अंगात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, बनतं, छाती उतरायची सोडून वाढते, वर शरीर स्वतःचं पुरुषी हार्मोन बनवायचं कमी करतं, आणि डब्यावर लिहिलेलं असतं तेच आत असेल याची खात्री कोण देणार... झालं लेक्चर सुरू. सॉरी. आणि सारखं दाबून बघू नको.

६ महिन्यांनी परत दाखवायचंय. तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसेन. त्यांनी परत विचारलं तर त्यांना खरं सांग, मला नाही सांगितलंस तरी चालेल. डबा असलाच तर त्याचा फोटो तेवढा त्यांना दाखव.

पप्पा

बॅगेत खाली दोन ढगळे सुती शर्ट ठेवलेत.